ब्लॅक होल विश्वात नक्की करतात तरी काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लॅक होल म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो "आत पडलो तर काय होईल" हाच. त्याची उत्तरं भरपूर ठिकाणी सापडतील. इथे प्रश्न जरा वेगळे आहेत, म्हणजे एवढ्या मोठ्या विश्वात यांचं काम काय, हे नसते तर काय बिघडलं असतं, आणि यांच्यावरून जे भन्नाट तर्क लढवले जातात त्यात दम किती. काही गोष्टी मोजून झाल्यात, काहींवर अजून जोरात वाद चालू आहेत आणि काही निव्वळ कल्पना आहेत. कुठली गोष्ट कशात मोडते ते त्या त्या उत्तरात सांगितलंय. तर्क जरूर करावेत, मला तर तेच जास्त आवडतं, पण तर्काला तर्कच म्हणायचं एवढं पथ्य पाळायचं.

ब्लॅक होल म्हणजे मेलेला तारा ना? मग त्याचा विश्वात कसला आलाय रोल?

मेलेला तारा हे अर्धंच उत्तर झालं. १९३० मध्ये खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी गणित मांडलं की विझलेल्या ताऱ्याच्या गाभ्याचं वस्तुमान सूर्याच्या साधारण १.४ पटीपुढे गेलं तर तो पांढरा बटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा साधारण पृथ्वीएवढा घट्ट गोळा, म्हणून तग धरू शकत नाही, तो कोसळतच जातो. त्याच्याही पुढे एक पायरी न्यूट्रॉन ताऱ्याची (आणखी घट्ट दाबलेला, जवळजवळ नुसत्या न्यूट्रॉनचा गोळा), आणि तीही ओलांडली की मग थांबवणारं काहीच उरत नाही. अशी ताऱ्यांपासून झालेली ब्लॅक होल सूर्याच्या पाच-दहा पटींपासून शंभरेक पटींपर्यंत असतात.

पण दुसरी एक जात आहे, गॅलॅक्सींच्या मधोमध बसलेली, लाखो ते अब्जावधी सूर्यांच्या वजनाची. विश्वातल्या रोलबद्दल बोलायचं तर जास्त करून यांच्याबद्दलच बोलावं लागतं. आणि रोल म्हणजे कुणी नेमून दिलेलं काम नाही हो, तर ते असल्यामुळे आजूबाजूला काय काय घडतं, एवढाच अर्थ.

शेवटी ही ब्लॅक होल सगळं विश्व गिळून टाकणार का?

नाही. लांबून पाहिलं तर ब्लॅक होलचं गुरुत्वाकर्षण तेवढ्याच वस्तुमानाच्या कुठल्याही गोष्टीसारखंच असतं. सूर्याच्या जागी सूर्याएवढ्याच वजनाचं ब्लॅक होल ठेवलं (त्याची त्रिज्या फक्त ३ किलोमीटर भरेल) तर पृथ्वी थंड पडेल, अंधार होईल, पण कक्षा आहे तीच राहील.

याचा जिवंत पुरावा आपल्याच आकाशगंगेच्या केंद्रात आहे. तिथे एस२ नावाचा तारा ४३ लाख सूर्यांच्या वजनाच्या ब्लॅक होलभोवती १६ वर्षांत एक फेरी मारतो. मे २०१८ मध्ये तो सगळ्यात जवळ गेला तेव्हा पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण १२० पट लांब होता, वेग सेकंदाला ७,६०० किलोमीटरच्या वर, आणि वळसा घालून आला तसा निघून गेला. अशा ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षं मोजत बसल्याबद्दलच गेन्झेल आणि गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं, त्याच वर्षी ब्लॅक होलचं गणित मांडणाऱ्या रॉजर पेनरोज यांच्यासोबत.

विश्वात किती ब्लॅक होल आहेत?

२०२२ मध्ये एका इटालियन गटाने हिशेब मांडला होता की ताऱ्यांपासून झालेली ब्लॅक होल दृश्य विश्वात साधारण ४० अब्ज गुणिले अब्ज असावीत आणि विश्वातल्या एकूण साध्या पदार्थापैकी जवळपास १ टक्का त्यात अडकलेला असावा. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. प्रत्यक्ष माहीत असलेलं सगळ्यात जवळचं म्हणजे गाया बीएच१, १,५६० प्रकाशवर्षांवर.

प्रत्येक गॅलॅक्सीच्या मध्यभागी ब्लॅक होल असतंच का?

मोठ्या गॅलॅक्सीत जवळजवळ नेहमी. पण असायलाच पाहिजे असा काही नियम नाही. त्रिकोण तारकासमूहातली एम३३ ही गॅलॅक्सी आपल्या शेजारचीच म्हणायची, चांगली नीटस सर्पिल आहे, तारे जन्माला घालतेय, आणि तिच्या मध्यात मोठं ब्लॅक होल सापडत नाही. असलंच तर काही हजार सूर्यांपेक्षा लहान असेल. तेव्हा "ब्लॅक होलशिवाय गॅलॅक्सी बनूच शकत नाही" असं कुणी ठासून सांगितलं तर एम३३ दाखवायची.

पण एवढुसं ब्लॅक होल अख्ख्या गॅलॅक्सीचं काय बिघडवणार?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी मोजलेली गोष्ट. २००० साली दोन गटांनी वेगवेगळं दाखवलं की गॅलॅक्सीच्या मधल्या फुगीर भागातले तारे ज्या वेगाने इकडेतिकडे फिरतात त्या वेगाचा आणि मध्यातल्या ब्लॅक होलच्या वजनाचा घट्ट संबंध आहे. तारे जितके जोरात तितकं ब्लॅक होल जड. आता गंमत अशी की त्यातल्या बहुतेक ताऱ्यांना ब्लॅक होलचं गुरुत्वाकर्षण जाणवतसुद्धा नाही इतके ते लांब आहेत, ब्लॅक होलचं वजन त्या फुगीर भागाच्या हजारात एखाद-दोन हिस्से, मग यांची मोठं होण्याची गाठ बांधली कुणी?

उत्तर गुरुत्वाकर्षणात शोधलं तर मिळत नाही, ते ऊर्जेत आहे. ब्लॅक होलकडे पडणारा गॅस सरळ आत जात नाही, तो भोवती चकतीसारखा फिरत राहतो, घासतो, तापतो आणि आत जायच्या आधीच प्रचंड प्रकाश फेकतो. हायड्रोजनचा हेलियम होताना वस्तुमानाच्या ०.७ टक्के एवढीच ऊर्जा सुटते, आणि सगळे तारे त्यावरच चालतात. ब्लॅक होलभोवतीच्या चकतीत हा आकडा ६ टक्क्यांपासून, ब्लॅक होल जोरात गिरकी घेत असेल तर ४० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो. पदार्थापासून सातत्याने ऊर्जा काढायचा याहून कार्यक्षम मार्ग निसर्गात क्वचितच असेल.

आता हिशेब करून बघा. १० कोटी सूर्यांच्या वजनाचं ब्लॅक होल घ्या. ते वाढताना १० टक्के ऊर्जा बाहेर गेली असं धरा. ती भरते साधारण १.८ गुणिले १ वर ५४ शून्यं इतके ज्यूल. दुसऱ्या बाजूला १० हजार कोटी सूर्यांएवढे तारे असलेला फुगीर भाग, तारे सेकंदाला २०० किलोमीटरने फिरतायत. तो सगळा भाग ज्या ऊर्जेने एकत्र बांधलाय ती येते साधारण ८ गुणिले १ वर ५१ शून्यं. म्हणजे ब्लॅक होलने आयुष्यभरात बाहेर टाकलेली ऊर्जा अख्ख्या फुगीर भागाला बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेच्या दोनशे पटींहून जास्त! त्यातला टक्काभर जरी आजूबाजूच्या गॅसला लागला तरी गॅस उधळून जाईल. आणि गॅस गेला की नवे तारे बंद, ब्लॅक होलचं खाणंही बंद.

तेव्हा ब्लॅक होलचा सगळ्यात मोठा रोल मी तरी हाच मानतो, की गॅलॅक्सीत किती तारे जन्मावेत यावर ते नियंत्रण ठेवतं, गीझरच्या थर्मोस्टॅटसारखं. गॅस थंड होऊन आत पडला की ब्लॅक होल पेटतं, पेटलं की गॅस तापतो, तापला की पडायचा थांबतो, ब्लॅक होल उपाशी राहतं आणि मग हळूहळू सगळं परत पहिल्यापासून.

किती पक्कं? संबंध मोजलेला आहे, ऊर्जेचं गणित पक्कं आहे. ती ऊर्जा गॅसला नक्की कशी पोचते, वाऱ्याने, जेटने (म्हणजे ब्लॅक होलजवळून सुटणाऱ्या अरुंद, वेगवान झोताने) की प्रकाशाच्या दाबाने, यावर वाद आहे. गॅलॅक्सी एकमेकींत मिसळत गेल्या की काही प्रमाणात असा संबंध आपोआपही तयार होतो असं म्हणणारेही आहेत आणि त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही.

हे असं गॅस तापवणं कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का?

हो, आणि फार सुंदर पाहिलंय. पर्सियस नावाचा गॅलॅक्सींचा समूह आहे, जवळपास २५ कोटी प्रकाशवर्षांवर. त्यातल्या गॅलॅक्सींच्या मधे कोट्यवधी अंश तापलेला गॅस भरलाय जो फक्त एक्स-रे मध्ये दिसतो. हा गॅस सतत एक्स-रे फेकतोय म्हणजे निवत जायला पाहिजे, निवून मध्यभागी साचायला पाहिजे आणि तिथे ताऱ्यांचा पूर यायला पाहिजे. तसं काही दिसत नाही. कितीतरी वर्षं हे कोडं होतं, गॅस निवत का नाही?

अवकाशातल्या चंद्रा या एक्स-रे दुर्बिणीने (चंद्रशेखर यांचंच नाव तिला दिलंय) तिथे बघितलं तर मधल्या ब्लॅक होलच्या जेटनी गॅसमध्ये अवाढव्य पोकळ्या पाडलेल्या दिसल्या, आणि त्यांच्याबाहेर तरंगांसारखी कडी. २००३ मध्ये जाहीर झालं की त्या ध्वनिलहरी आहेत, पियानोच्या मधल्या सा पासून ५७ सप्तकं खाली, एक कंप पूर्ण व्हायला जवळपास १ कोटी वर्षं. या लहरी आणि पोकळ्या मिळून जी ऊर्जा गॅसमध्ये सोडतात ती गॅसच्या निवण्याची भरपाई करायला पुरेल एवढी येते. नियंत्रणाची कल्पना मला पटली ती याच एका उदाहरणामुळे, बाकी सगळं नंतर.

म्हणजे ब्लॅक होल ताऱ्यांचा जन्म थांबवतात. कधी उलटंही होतं का?

होतं ना. हेनाइझ २-१० नावाची एक बुटकी गॅलॅक्सी आहे, साधारण ३ कोटी प्रकाशवर्षांवर. २०२२ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून दिसलं की तिच्यातल्या ब्लॅक होलमधून निघालेला गॅसचा प्रवाह ५०० प्रकाशवर्षं पुढे जाऊन एका दाट ढगावर आदळतोय आणि तिथे नवे तारे तयार होतायत. प्रवाह हळू असेल तर गॅस दाबला जातो, जोरात असेल तर उधळला जातो. त्यामुळे सरसकट "मारक" किंवा "तारक" असं लेबल लावू नका.

आपल्या आकाशगंगेतल्या ब्लॅक होलने असं काही केलंय का?

आज तरी ते अगदी शांत आहे. १२ मे २०२२ ला त्याचा फोटो जाहीर झाला, त्यात दिसते ती चकाकी खरं तर उपाशी ब्लॅक होलची आहे. पण २०१० मध्ये फर्मी दुर्बिणीच्या डेटात आकाशगंगेच्या केंद्राच्या वर आणि खाली गॅमा किरणांचे दोन प्रचंड फुगे सापडले, प्रत्येक २५ हजार प्रकाशवर्षं उंच. काही दशलक्ष वर्षांपूर्वी आपल्या ब्लॅक होलने भरपेट खाल्लं आणि त्याचा हा उरलेला ठसा, असा एक तर्क. केंद्राजवळ एकदम भरपूर तारे जन्मून फुटले असतील असा दुसरा. मला पहिला जास्त पटतो पण अजून निकाल लागलेला नाही.

आधी काय, गॅलॅक्सी की ब्लॅक होल?

हे अगदी आधी कोंबडी की आधी अंडं, आणि सध्या खगोलशास्त्रात सगळ्यात जास्त खळबळ इथेच आहे.

अडचण कुठे येते ते बघा. जे०३१३-१८०६ नावाचा एक क्वेझार आहे (म्हणजे जोरात खाणाऱ्या ब्लॅक होलमुळे झगझगणारं गॅलॅक्सीचं केंद्र), बिग बँगनंतर फक्त ६७ कोटी वर्षांनी त्याचं ब्लॅक होल १६० कोटी सूर्यांएवढं झालेलं होतं. ब्लॅक होल खायला लागलं की त्याच्या स्वतःच्याच प्रकाशाचा दाब येणाऱ्या गॅसला ढकलतो, म्हणून खाण्याला एक मर्यादा पडते. त्या मर्यादेत राहून वजन दुप्पट व्हायला ३ कोटींहून थोडी जास्त वर्षं लागतात. १०० सूर्यांच्या वजनापासून सुरुवात केली तर १६० कोटींपर्यंत पोचायला दुपटीच्या साधारण २४ पायऱ्या, म्हणजे ७० कोटींच्या वर वर्षं, आणि तीही एक क्षण न थांबता खात राहिलं तर. पहिला तारा जन्मून मरायलाही वेळ लागतो तो वेगळाच. हिशेब बसत नाही.

मग एक तर हे मर्यादा तोडून खात होते, किंवा सुरुवातच मोठी झाली. दुसऱ्या कल्पनेत गॅसचा भलामोठा ढग तारे न बनवता थेट कोसळतो आणि एकदम १० हजार ते १ लाख सूर्यांचं ब्लॅक होल तयार होतं. येल विद्यापीठातल्या प्रियंवदा नटराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की हे खरं असेल तर सुरुवातीच्या काळात अशा गॅलॅक्सी दिसतील ज्यांचं ब्लॅक होल जवळजवळ सगळ्या ताऱ्यांएवढं जड असेल. २०२३ मध्ये जेम्स वेब आणि चंद्रा या अवकाश दुर्बिणींनी मिळून यूएचझेड१ ही गॅलॅक्सी पकडली, बिग बँगनंतर ४७ कोटी वर्षांची, आणि ती या वर्णनाशी चांगली जुळते. आधी भाकीत, मग निरीक्षण, असा क्रम लागला की मला त्या कल्पनेबद्दल जास्त आदर वाटतो.

शिवाय वेबला सुरुवातीच्या विश्वात छोटे लाल ठिपके ढिगाने दिसतायत. त्यातले बरेचसे गॅसच्या दाट कोशात गुंडाळलेली, भराभर वाढणारी ब्लॅक होल असावीत असा अंदाज आहे. तसं निघालं तर काही ठिकाणी ब्लॅक होल आधी आणि गॅलॅक्सी त्याच्याभोवती नंतर, असं म्हणायची वेळ येईल.

डार्क मॅटर म्हणजे ब्लॅक होलच तर नसतील?

कल्पना चांगली आहे, वेडगळ अजिबात नाही. डार्क मॅटर साध्या पदार्थाच्या पाचपट आहे, दिसत नाही, फक्त गुरुत्वाकर्षण दाखवतं, ब्लॅक होलही तसंच. पण ताऱ्यांपासून झालेली ब्लॅक होल चालणार नाहीत, कारण ती साध्या पदार्थातूनच आली आणि बिग बँगनंतरच्या पहिल्या काही मिनिटांत किती साधा पदार्थ होता हे आपल्याला हायड्रोजन-हेलियमच्या प्रमाणावरून माहीत आहे. तेव्हा उरतात ती आदिम ब्लॅक होल, म्हणजे बिग बँगनंतरच्या पहिल्या क्षणांत जिथे घनता जास्त होती तिथे थेट तयार झालेली. ही कल्पना झेल्डोविच आणि नोव्हिकोव यांनी १९६७ मध्ये आणि हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडली.

यातही बऱ्याच वजनांवर फुली पडलीय. फार हलकी असती तर आतापर्यंत किरणं सोडत सोडत बाष्प होऊन संपली असती (हे कसं ते एंट्रॉपीच्या प्रश्नात येईल), ताऱ्यांएवढी जड असती तर मागच्या ताऱ्यांचा प्रकाश वाकवताना जास्त वेळा सापडली असती. एकच खिडकी नीट उघडी आहे, लघुग्रहाएवढं वजन आणि अणूएवढा आकार. सगळं डार्क मॅटर तिथे लपलेलं असू शकतं. पुरावा शून्य, पण अशक्यही नाही.

आणि डार्क एनर्जी, म्हणजे विश्वाचं प्रसरण वाढवत नेणारं ते अज्ञात काहीतरी?

२०२३ मध्ये एका गटाने दावा केला की लंबगोल गॅलॅक्सीतली ब्लॅक होल काही न खाताच गेल्या अब्जावधी वर्षांत ७ ते २० पट जड झालीत, म्हणजे विश्व प्रसरण पावतं तशी तीही वाढतात आणि डार्क एनर्जीचा उगम त्यांच्यातच आहे. बातम्या खूप झाल्या. लगेच हरकतीही आल्या, त्यातली मला पटलेली अशी की जुन्या ताऱ्यांच्या जोडीने फिरणारी जी हलकी ब्लॅक होल सापडलीत ती या हिशेबाने जन्मताना ब्लॅक होल व्हायला लागतं त्याहूनही हलकी असायला हवी होती. मी यावर पैज लावणार नाही.

आपण स्वतःच एखाद्या ब्लॅक होलच्या आत राहतोय का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सोबत हमखास एक "पुरावा" येतो, की दृश्य विश्वातल्या वस्तुमानाचं ब्लॅक होल केलं तर त्याची त्रिज्या विश्वाच्या आकाराच्या आसपास येते. १९७२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पथरिया यांनी या विषयावर छोटा लेख लिहिला होता, तेव्हापासून कल्पना फिरतेय.

आकडा खरा आहे, पण त्यात दडलेलं काय ते बघा. प्रकाशाचा वेग भागिले हबलचा स्थिरांक (विश्व किती वेगाने पसरतंय ते सांगणारा आकडा), ही झाली हबल त्रिज्या. विश्व सपाट असेल, म्हणजे मोठ्या पल्ल्यावर अवकाश वक्र नसेल (आणि मोजमापांनुसार ते सपाटच आहे), तर त्याची घनता हबलच्या स्थिरांकावरून ठरते. ती घनता घेऊन तेवढ्या गोळ्याचं वस्तुमान काढा, मग त्या वस्तुमानाच्या ब्लॅक होलची त्रिज्या काढा, उत्तर येतं परत तीच हबल त्रिज्या, तंतोतंत. म्हणजे हा योगायोग वगैरे काही नाही, सपाट विश्वाचं समीकरणच वेगळ्या पद्धतीने लिहिलंय, त्यातून आपण आत आहोत हे सिद्ध होत नाही.

शिवाय ब्लॅक होलच्या आत सगळं एका टोकाकडे कोसळत जातं, ते टोक म्हणजे सिंग्युलॅरिटी, जिथे घनता अनंत होते आणि गणित थांबतं, ती भविष्यात असते. आपल्याकडे उलटं, बिग बँग भूतकाळात आहे आणि सगळं पसरतंय. म्हणून तुलना करायचीच असेल तर व्हाइट होलशी करावी, जिथून फक्त बाहेर येतं. गुरुत्वाकर्षणाने पदार्थ कसा एकवटत जातो ते सांगणारं, अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये मांडलेलं समीकरण दोन्हीकडे वापरता येतं, कोसळणाऱ्या ताऱ्यालाही आणि उलट्या दिशेने अख्ख्या विश्वालाही, आणि पेनरोज-हॉकिंग यांचे सगळे सिद्धांत त्यावरच उभे आहेत. दोन्हीत खोल नातं आहे यात शंका नाही, पण नातं म्हणजे तीच गोष्ट नव्हे.

प्रत्येक ब्लॅक होलमधून नवीन विश्व जन्मतं ही काय भानगड आहे?

भौतिकशास्त्रज्ञ ली स्मोलिन यांची १९९२ ची कल्पना. कोसळणारा पदार्थ सिंग्युलॅरिटीपर्यंत न पोचता उसळी घेतो आणि पलीकडे नवं विश्व सुरू होतं, त्यात निसर्गाचे स्थिरांक किंचित बदललेले. ज्या विश्वात ब्लॅक होल जास्त त्याला पिल्लं जास्त, म्हणून कालांतराने बहुतेक विश्वं ब्लॅक होल बनवण्यात पटाईत असतील आणि आपलंही त्यातलंच एक. उत्क्रांतीचा विचार थेट विश्वालाच लावला!

मला यातली सगळ्यात चांगली गोष्ट ही वाटते की स्मोलिन यांनी ती खोटी कशी ठरेल तेही सांगितलं. न्यूट्रॉन तारे एका मर्यादेपेक्षा जड सापडू नयेत, कारण मर्यादा जितकी खाली तितकी ब्लॅक होल जास्त. सुरुवातीला ती मर्यादा १.६ सूर्यांच्या आसपास धरली होती. २०१० मध्ये जवळजवळ २ सूर्यांचा न्यूट्रॉन तारा मोजला गेला, नंतर त्याहून थोडा जडही. त्यामुळे कल्पना आता बरीच अडचणीत आहे. पण ब्लॅक होलच्या रोलबद्दल बोलणाऱ्या किती कल्पना अशी परीक्षा द्यायला तयार असतात?

व्हाइट होल खरंच असतात का?

समीकरणात असतात, आकाशात एकही सापडलेलं नाही.

एंट्रॉपीचा आणि ब्लॅक होलचा काय संबंध?

माझ्या मते सगळ्यात कमी बोलली जाणारी आणि सगळ्यात खोल गोष्ट. एंट्रॉपी म्हणजे ढोबळमानाने अव्यवस्थेचं माप, आणि एकूण एंट्रॉपी कमी होत नाही हा थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम. भौतिकशास्त्रज्ञ बेकेनस्टाइन यांनी १९७२ मध्ये म्हटलं की ब्लॅक होलला एंट्रॉपी असली पाहिजे आणि ती त्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाएवढ्या प्रमाणात असली पाहिजे. नाहीतर कचरा आत टाकून विश्वाची एंट्रॉपी कमी करता आली असती आणि तो नियम मोडला असता. हॉकिंग यांना आधी हे पटलं नव्हतं, मग १९७४ मध्ये त्यांनीच दाखवलं की ब्लॅक होलला तापमान असतं, ते किरणं सोडतं, आणि बेकेनस्टाइन बरोबर होते.

आता आकडा. आपल्या आकाशगंगेच्या मध्यातल्या त्या एकट्या ब्लॅक होलची एंट्रॉपी बिग बँगपासून उरलेल्या, दृश्य विश्वभर पसरलेल्या सगळ्या प्रकाशाच्या एंट्रॉपीपेक्षा जास्त भरते. एक ब्लॅक होल, आणि तेही मध्यम आकाराचं! वजन दुप्पट झालं की एंट्रॉपी चौपट होते, त्यामुळे अब्जावधी सूर्यांची ब्लॅक होल धरली तर विश्वातली जवळपास सगळी एंट्रॉपी तिथेच आहे असं म्हणायला हरकत नाही.

याचा अर्थ काय काढायचा? काळ पुढे जातो म्हणजे एंट्रॉपी वाढते, आणि गुरुत्वाकर्षणाच्या राज्यात ती वाढायचा शेवटचा टप्पा ब्लॅक होल आहे. पेनरोज बऱ्याच वर्षांपासून याच्याकडे बोट दाखवतायत, की विश्व सुरू झालं तेव्हा पदार्थ तापून एकसारखा पसरलेला होता पण ब्लॅक होल नव्हती, म्हणजे एंट्रॉपी जितकी असू शकली असती त्याच्या कितीतरी खाली होती, आणि ती तशी का होती हे कुणालाच सांगता आलेलं नाही. तारे, ग्रह, जीव हे सगळं त्या कमी एंट्रॉपीपासून जास्त एंट्रॉपीकडे जाताना मधे घडतंय. ब्लॅक होलचं क्षेत्रफळ, म्हणजेच त्यांची एंट्रॉपी, घटत नाही हे आता मोजूनही झालंय, १४ जानेवारी २०२५ ला आलेल्या गुरुत्वीय लहरींमध्ये (जड वस्तूंच्या हालचालीने अवकाशातच उठणारे तरंग) दोन ब्लॅक होल एक झाली आणि नंतरचं क्षेत्रफळ आधीच्या बेरजेपेक्षा जास्तच निघालं.

मग शेवटी काय, ब्लॅक होलच उरणार?

बराच काळ, हो. तारे संपतील साधारण १०० लाख कोटी वर्षांत. त्यानंतर चमकायला विशेष काही उरणार नाही. ब्लॅक होल मात्र राहतील, आणि हळूहळू बाष्प होत जातील. सूर्याच्या वजनाच्या ब्लॅक होलला १ वर ६७ शून्यं इतकी वर्षं लागतात, सगळ्यात अवाढव्य असलेल्यांना १ वर १०० शून्यं. आज तर ते सुरूही झालेलं नाही, कारण त्यांचं तापमान अंशाच्या कोट्यवधीव्या भागाएवढं आणि आजूबाजूचं विश्व उणे २७० अंश सेल्सिअसला, म्हणजे त्यांच्या मानाने चांगलंच गरम. सध्या ती देतात त्याहून जास्त घेतात.

यात ब्लॅक होलला बाष्प करणारी ही हॉकिंग किरणं अजून कुणी प्रत्यक्ष पकडलेली नाहीत हे ध्यानात ठेवा, गणित मजबूत आहे एवढंच.

ब्लॅक होल नसती तर आपण असतो का?

बहुतेक असतो. आपल्या शरीरातला ऑक्सिजन, कार्बन, लोह ताऱ्यांनी बनवलंय, आकाशगंगेचं ब्लॅक होल लहान आहे आणि सूर्य तिथून २६-२७ हजार प्रकाशवर्षं लांब, म्हणून "ब्लॅक होलमुळेच जीवन" असं छातीठोकपणे म्हणणं मला पटत नाही. पण विश्व वेगळं दिसलं असतं हे नक्की. मोठ्या लंबगोल गॅलॅक्सी आज शांत, लालसर, म्हाताऱ्या ताऱ्यांनी भरलेल्या दिसतात. कॉम्प्युटर सिम्युलेशनमधून ब्लॅक होल काढून टाकली की त्या तशा होतच नाहीत, अवाढव्य आणि निळ्या होत जातात, तारे बनवायचे थांबतच नाहीत. विश्वात तारे जन्मण्याचा वेग साधारण १००० कोटी वर्षांपूर्वी शिगेला पोचला, ब्लॅक होल वाढण्याचा वेगही त्याच सुमारास, आणि दोन्ही एकत्रच उतरले. हा निव्वळ योगायोग असेल असं मानायला माझं मन तयार नाही.

यापुढे नवीन काय कळणार आहे?

जून २०२३ मध्ये पल्सारांच्या, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ ठोके देणाऱ्या फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, ठोक्यांवर पंधरा-पंचवीस वर्षं लक्ष ठेवून असलेल्या जगभरातल्या गटांनी (त्यात पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटाही होता) सांगितलं की अतिशय मंद गुरुत्वीय लहरींची गुणगुण सगळीकडून येतेय. बहुधा ती गॅलॅक्सी एकमेकींत मिसळल्यावर भोवती फिरणाऱ्या अवाढव्य ब्लॅक होलच्या जोड्यांची आहे.

आणि मी ज्याची सगळ्यात आतुरतेने वाट बघतोय ती म्हणजे युरोपियन स्पेस एजन्सीची लिझा, अवकाशातून गुरुत्वीय लहरी टिपणारी मोहीम, तीन यानं, एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर, २०३५ च्या आसपास सुटणार. हजारो ते लाखो सूर्यांच्या वजनाची ब्लॅक होल एकमेकांत मिसळताना ती ऐकू शकेल, तीही अगदी सुरुवातीच्या विश्वातली. तिथे बहुतेक टकरी १०० सूर्यांच्या आसपासच्या बियांपासून (म्हणजे सुरुवातीच्या छोट्या ब्लॅक होलपासून) वाढलेल्यांच्या निघाल्या तर एक आकडेवारी येईल, लाखभर सूर्यांच्या बियांपासूनच सुरुवात झाली असेल तर टकरी कमी आणि जड असतील. म्हणजे आधी गॅलॅक्सी की आधी ब्लॅक होल, याचा निकाल तिथे मोजून लावता येईल.